लुगड्यांचं कुंपण

आमच्या चिखलडोहात हरभऱ्याचे घाटे भरत आले का लोकायची झोप उडते. रानडुकरं येते. येऊन नुसतं खाऊन गेले असते तं खा बाप्पा म्हणलं असतं, पन ते खाते मूठभर अन् तुडवते एकरभर. मागच्या साली आमच्या ह्यायनं, म्हणजे रुपरावनं, सकाळी वावर पाहिलं अन् धुऱ्यावर, बांधावरच मटकन बसले. रडले असते तं मले बरं वाटलं असतं. हा माणूस हासला. मले त्याच्या हासण्याचाच भेव वाटला.

त्याच हप्त्यात त्यायनं तार लावली.

बारीक, उघडी तार. वीतभर उंचीवर बांबूच्या खुंट्याले बांधलेली, मधात सायकलच्या ट्यूबचे तुकडे. तारेचं दुसरं टोक विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत. दिवस बुडताना जोडाची, पहाटे काढाची. अर्धं गाव हेच करते. गुन्हा आहे, जेल होते, सगळ्यायले माहीत आहे. म्हणून गावानं आपला एक नेम पाडला. तार जोडाच्या आधी फाटकावर लाल फडकं बांधाचं अन् मोठ्यानं आरोळी द्याची, "तार सोडली गाऽऽ!" बाजूच्या वावरातून ओ आली पाहिजे, "आयकलं गाऽऽ!" मंगच जोडाची. ओ नाही आली तं जाऊन पाहाचं का कोणी वावरात तं नाही. आरोळी माणसंच देत, बायांचा तो मान नाही. ह्या नेमानं आमच्या शिवारात डुकरं मेले, एक कुत्रं मेलं, बाबनरावची कालवड मेली. माणूस नाही मेला.

अन् आमची मयुरा बारावीत. उमरेडच्या कॉलेजात एसटीनं जाते-येते. तिच्या उन्नती मॅडमनं सांगतलं, प्रकल्प पुस्तकातून उतरवून आणू नका, आपल्या आजूबाजूले जे दुखते त्याच्यावर करा. कोणी प्लास्टिक घेतलं, कोणी हातपंपाचं पाणी. चांगले गरीब विषय. आमच्या बयेनं घेतलं काय? शेतकुंपणातला करंट! मले म्हणते, "आई, चांगला झाला तं नागपूरच्या प्रदर्शनात जाईन."

मी म्हणलं, "माय वं, दुसरं काही नाही भेटलं तुले?"

"रितिकानं घेतला तो विषय. मी तिच्या संग आहे."

रितिका तिची मैत्रीण, कुहीकडची. बारीक अंगाची, बोलणं कमी. पैल्यांदा घरी आली तं मी चहा ठेवला अन् सहज विचारलं, बाबा काय करते वं तुहे? तं पोट्टी कपाकडे पाहत म्हणते, "नाही आहे काकू. मागच्या दिवाळीत गेले. गाय हरपली होती, तिले पाहाले गेले. कोणाच्या तरी धुऱ्यावर तार होती." माह्या हातातली गाळणी चुलीत पडली. 

रातच्या जेवणाले मी ह्यायले सांगतलं. त्यायचा घास हातातच राहिला. मंग म्हणे, "त्यायनं लाल फडकं नसन लावलं. आरोळी नसन दिली."

तेवढ्यात मयुरा ताट घेऊन आली अन् बापासमोर बसली. "बाबा, पैले तुमालेच विचारते. आपण तार लावतो ना?"

आता हा माणूस पोलिसाले भेत नाही, वाघाले भेत नाही, पन पोरीले भेते. त्यायनं पाणी पेलं. म्हणे, "लावत होतो. बंद केली."

"खरं?"

"तुह्या गळ्याची आन."

पोरीच्या गळ्याची खोटी आन! मी पाठ करून भाकर थापत राहिली. मयुरा मात्र खूश. म्हणते, "मंग आपलंच वावर मी दाखवीन. बिना करंटचं. उपाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी हे मले म्हणे, जुनी लुगडी काढ. कुहीकडं लोक वावराभोवती लुगडी बांधते, रंग पाहून डुकरं बिचकते, असं त्यायनं आयकलं होतं. मी पेटी उपसली. माह्या लग्नातलं हिरवं निघालं, जागोजाग विरलेलं. सासूबाईचं जांभळं नऊवारी. भावानं दिवाळीले दिलेलं पिवळं. सगळे एकाले एक गाठी मारून चारी धुऱ्यानं बांधले. वावर कसं लग्नघरावाणी दिसाले लागलं. मयुरा तं टाळ्या पिटत होती. "आई, तुह्या लुगड्यायनं शेत वाचवलं म्हणून लिहिते!"

अन् लुगड्याच्या मांगून तार तशीच. डुकरं लुगड्याले बिचकते दोन रोज, तिसऱ्या रोजी त्याच्याच खालून घुसते. हे बी आपल्याले माहीत होतं.

फक्त एक बदललं. फाटकावरचं लाल फडकं गेलं, आरोळीही बंद झाली.

मी म्हणलं, "अवो, फडकं तरी बांधा."

"फडकं बांधलं का पोरीले समजन."

"अन् कोणी आलं तं?"

"रातचं कोण येते वं तिकडं? तू आपलं तोंड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. डुकरायचा भेव होता. पोरीच्या तोंडाचा त्याच्याहून जास्त होता. रोज सकाळी हे तार काढून येईपर्यंत मी दारातच घुटमळे.

मयुरा अन् रितिका गावभर घरोघरी फिरून विचारत होत्या. कोणाचं वावर किती, पीक काय, कुंपण कशाचं, करंट सोडता का, घरच्यायले माहीत आहे का. दारं बंद झाले. नळावर बाया मले पाहून गप्प होत. एक दिवस बाबनराव स्वतः अंगणात आले. त्यायचं वावर आमच्या वावराले लागून, त्यायच्याच गाडीत आमची तूर नागपूरच्या कळमना मार्केटले जाते. उभ्या उभ्याच बोलले.

"रुपराव, पोट्टीले आवर गा. अख्ख्या गावाले जेलात बसवते का ते?"

"कोणाचं नाव नाही लिहून राहिली ती, दादा."

"आज नाही लिहीत. उद्या मॅडम म्हणन लिवा. मंग? अन् तुहं काय आहे रे लुगड्यामांगं? मले काय दिसत नाही?"

मयुरा घरात होती. ह्यायनं पटकन हात जोडले. चांगला पन्नाशीचा माणूस, अन् आपल्याच अंगणात हात जोडून उभा. "हळू बोला दादा. हळू." बाबनरावनं मान हालवली अन् गेले. मले ह्यायच्या त्या जोडलेल्या हाताचा राग आला अन् कीवही आली.

मंग तो सोमवार.

आदल्या रोजी तूर भरून ठेवली होती. झुंजुमुंजू झालं नव्हतं तं बाबनरावची गाडी दारात हॉर्न देऊन राहिली. हे स्वेटर चढवत मले म्हणे, "लाइन गेली आहे आत्ताच. तार काढाले गेलो नाही, आल्यावर काढतो. लाइन तं आता रातीच येते." गडबडीत मी हो म्हणलं. मयुराले हे म्हणे, "काय आणू वं नागपुरातून?" ती गोधडीतूनच म्हणे, "जाडा कागद आणजा बाबा. पांढरा. प्रदर्शनासाठी." गाडी गेली.

आता शेतीची लाइन कशी असते? एक हप्ता रातची, एक हप्ता दिवसाची, तेव्हा रातले तारेपुरती एकच फेज. अन् बदलते कधी? सोमवारी. साऱ्या गावाले हे पाठ आहे. लहान लेकरू सांगन. पन त्या सकाळी ना त्यायले आठवलं ना मले.

मी कापूस वेचाले बाबनरावच्या नदीकाठच्या दुसऱ्या वावरात गेली. संग कुसुमताई अन् तीन-चार बाया. निघताना मयुरा म्हणाली, रितिका येऊन राहिली आहे, आम्ही वावरात फोटो काढाले जातो. मले एक घडी कसंतरी झालं. पन म्हणलं, लाइन कुठं आहे? मेलेली तार आहे, जाऊ दे. तरी म्हणलं, "कुठी हात नका लावू वं. साप-किडा असते."

"हो गं आई."

थंडी मोडली नव्हती. कापसाच्या बोंडांवर दव होतं, बोटं आखडत होते. बोंडाची अणी नखाखाली शिरे. बायांची मस्करी चालली होती. कुसुमताई मले म्हणे, "इंदुताई, तुही पोट्टी मले विचारून गेली वं, करंट सोडता का. मी म्हणलं, घरात माह्याच जिभेले करंट आहे, त्याचं लिव!" सगळ्या हासल्या. मीही हासली. बऱ्याच दिवसानं बाया माह्याशी बोलल्या होत्या. कापसाची ओटी भरून आली होती.

तेवढ्यात बाबनरावच्या विहिरीवरच्या पाइपानं खाकरल्यासारखं केलं अन् भळभळ पाणी आलं.

बाबनरावनं मोटरले ऑटो बसवला आहे. लाइन आली का मोटर आपोआप सुरू होते. कुसुमताई हात वर करून म्हणे, "अवं, दिवसाची लाइन आली वं! आज सोमवार नाही का! चला, हात धुऊन घ्या."

बाया पाण्याकडे चालल्या अन् मी तिथंच.

"काय झालं वं?"

"फोन लाव," मी म्हणलं. "मयुराले फोन लाव. आत्ता लाव."

कुसुमताईनं लावला. नदीकाठाले टॉवर लागत नाही. फोनमधली बाई आपली बोलून राहिली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कुसुमताई अजून लावतच होती अन् मी पळाली.

कापसाची ओटी पोटाले बांधलेली, सोडाले वेळ कुठचा? पऱ्हाटीच्या कांड्या पिंडऱ्यायले ओरबाडत होत्या. चप्पल एक तिथंच गेली. नाल्यात उतरली तं पाणी बर्फावाणी, पाय सटकला, गुडघा दगडावर आपटला. उठली. मनात एकच. पोरीच्या गळ्याची खोटी आन घेतली होती ना, तीच आता फेडाची आहे. देवा, माह्यावर फेड. तिच्यावर नको. श्वास छातीत मावत नव्हता. इतका भेव मले माह्या बाळंतपणात नाही वाटला.

चढावरून वावर दिसलं. लुगडी उन्हात झळकत होते, हिरवं, पिवळं, जांभळं. दोघी पोरी धुऱ्यावर. रितिकाच्या हातात फोन. मयुरा लुगड्यापासून चार हात असन.

"हात लावू नका!" मी ओरडली. वारा माह्याकडेच होता. आवाज मांगं गेला.

मयुरानं मले पाहिलं. हासली. हात हालवला. तिले वाटलं आई फोटोसाठी आली. "आई, ये नाऽ! तूच उभी राह्य तुह्या लुगड्यापाशी!" अन् वाऱ्यानं उडणारा हिरव्या लुगड्याचा पदर, दवानं चिंब झालेला, तो धराले ती पुढं गेली. फोटोत नीट याले पाहिजे ना.

नाव घेऊन काही होणार नव्हतं. थांब म्हणून काही होणार नव्हतं. मंग माह्या तोंडातून ते आलं. मी कधी दिलं नव्हतं, बाईनं कधी दिलं नव्हतं, ते बेंबीच्या देठापासून आलं.

"तार सोडली वंऽऽऽ!"

मयुरा चमकून माह्याकडे पाहतच राहिली. तिले समजलंच नाही. आपल्या घरात ती तार नाही, तं आई काय म्हणून राहिली? पन रितिकाले समजलं. त्या पोरीनं फोन टाकला, झेप घेतली अन् मयुराची वेणी धरून अशी मांगं ओढली का दोघी उताण्या ढेकळात पडल्या.

अन् दूर कुठून तरी, सवयीनं, भर दिवसा, कोण्या तरी माणसाची ओ आली. "आयकलं गाऽऽ!"

पदर वाऱ्यानं तारेवर पडला. चर्र झालं. ओल्या कपड्यातून धूर निघाला अन् जरीच्या काठाले बोटभर भोक पडलं. आम्ही तिघी त्या भोकाकडे पाहत राहिलो. मी विहिरीकडे पळाली, वाळक्या काठीनं पेटीचा खटका पाडला. मंग तिथंच बसली. पोटावरची ओटी कवाची रिकामी झाली होती. नाल्यापासून धुऱ्यापर्यंत कापूस सांडलेला.

मयुरा रडली नाही. ओरडली नाही. माह्याजवळही आली नाही. रितिका तिच्या केसातली माती झटकत होती.

"काकू," रितिका म्हणे, "आमच्या बाबाच्या वक्ती कोणी आवाज नाही दिला."

मी ढेकळात पडलेला तिचा फोन उचलला, पदरानं पुसला अन् तिले दिला.

मयुरा घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी पाणी दिलं, घेतलं नाही. रितिका गावाकडं जाले निघाली अन् दारातूनच परत फिरली. म्हणाली, आज इथंच राहू का काकू? मी म्हणलं राह्य माय.

दिवस कलला तशी गाडी आली. हे उतरले. खांद्यावर गमछा, हातात पांढऱ्या जाड कागदाची गुंडाळी, ती मळू नये म्हणून पेपरात लपेटलेली. तोंडावर हासू. "मयुराऽ, घे तुहा कागद! दुकानदार म्हणे, याच्यावर रंग फुटत नाही."

कोणी उठलं नाही. मी दारातच सांगतलं. सोमवार होता म्हणून सांगतलं. लाइन म्हणून सांगतलं. हिरव्या लुगड्याचं सांगतलं. त्यायच्या हातातली गुंडाळी हळूहळू खाली गेली. ओसरीवर बसले ते बसलेच. दोन्ही हात मांडीवर उपडे, काळे, तुरीच्या पोत्यायनं खरचटलेले. तोंड पिवळं पडलं होतं.

बाबनराव गाडीतून उतरून आले होते. आयकलं सारं. हळूच म्हणे, "झालं ते झालं. देवानं वाचवलं. आता कागदावर येऊ देऊ नको गा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हा रितिका आतून आली. हातात प्रश्नांचा तो कागद अन् पेन. ह्यायच्या समोर खाली बसली. 

"काका, जे बोलले त्यायचे झाले. तुमचंच राहिलं."

बाबनराव म्हणे, "रुपराव, उठ."

हे उठले नाही. रितिकाकडे पाहत म्हणे, "बाई, तुह्या बाबाले... कोणाची होती तार?"

"माहीत नाही काका. आम्ही पोचाच्या आत कोणी तरी गुंडाळून नेली."

रोज ह्या वक्ती शिवारातून आरोळ्या सुरू होते. त्या संध्याकाळी एक आली नाही. सकाळची माही आरोळी अख्ख्या शिवारानं आयकली होती.

"विचार," हे म्हणे.

"नाव? कोणाचंच लिहिलं नाही, तुमी नाही सांगतलं तरी चालन."

"रुपराव गणपतराव लांजेवार."

बाबनराव चालते झाले.

"पीक?"

"हरभरा. तूर निघाली."

"कुंपण कशाचं?"

"लुगड्यायचं." मंग खाकरले. "लुगड्यायचं अन् तारेचं."

"करंट सोडता?"

पोलीस येईन, लाइनवाले येईन, ह्यायले घेऊन जाईन, सगळं डोळ्यासमोर आलं. हे म्हणे, "सोडतो. लिव. खोटी आन घेतली होती पोरीच्या गळ्याची, तेही लिव, जागा असन तं."

रितिकानं लिहिलं. शेवटचा प्रश्न विचारताना तिनं मान वर केली नाही.

"घरच्यायले माहीत होतं का?"

"नाही," हे झटक्यानं म्हणे. "मले एकट्याले. हिले काही माहीत नव्हतं."

मी दाराले टेकून उभी होती. गुडघा ठणकत होता. ह्यायनं माह्याकडे पाहिलं अन् डोळ्यानंच म्हणलं, गप राह्य.

"खोड ते," मी म्हणलं. "मले माहीत होतं."

रितिकाचा पेन थांबला. आतून बांगड्यांचा आवाज आला. मयुरा उठून बाहेर आली, दिवसभरात पैल्यांदा. बापाजवळ नाही बसली, माह्याजवळ नाही. रितिकाच्या शेजारी बसली, तिच्या हातातून पेन घेतला, कागद आपल्या मांडीवर ओढला. माह्याकडे पाहिलं, जशी ती गावातल्या दुसऱ्या बाईकडे पाहे तशी.

"नाव सांगा," मयुरा म्हणे. "पूर्ण."